रोझलँड थिएटर : एका सेंटचा खटला

सिनेमाच्या थिएटरात अंधार झाला की सगळे सारखे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पडद्यावर चित्र हलायला लागलं की शेजारी कोण बसलाय हे कोण बघतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात एक गोष्ट राहून जाते. अंधार व्हायच्या आधी तिकीट काढावं लागतं. खिडकीच्या आतला माणूस खिडकीबाहेरच्या माणसाचं तोंड बघतो आणि मग तिकीट फाडतो. कुणी कुठं बसायचं हे तिथंच ठरतं.

अशा एका थिएटरचा इतिहास इथं मांडायचा आहे. थिएटर आपल्या मुलखातलं नाही. कॅनडात अगदी पूर्वेच्या टोकाला, अटलांटिक समुद्राकाठी नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात न्यू ग्लासगो नावाचं लहान गाव. भोवती कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने. गावातल्या प्रोव्होस्ट स्ट्रीटवर रोझलँड थिएटर होतं. मधला मोठा दिवाणखाना गोऱ्यांचा, वरची बाल्कनी काळ्यांची. या थिएटरातून पाच वर्षांत दोनदा, १९४१ साली आणि १९४६ साली, काळ्या बायकांना जबरदस्तीनं बाहेर काढलं. पहिलीला गाव विसरलं. दुसरीचा चेहरा आज कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे. मधल्या काळात काय घडलं ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावं असं आहे.

आधी ही काळी माणसं तिथं आली कुठून ते बघू. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी गुलामांना सांगितलं, बंडखोर मालकाला सोडून आमच्याकडं या, तुम्हाला मोकळं करतो, जमीन देतो. युद्ध हरल्यावर १७८३ साली असे सुमारे तीन हजार काळे लोक नोव्हा स्कोशियात उतरवले गेले. जमिनीचा शब्द दिला होता. कुणाला खडकाळ तुकडा मिळाला, पुष्कळांना तोही नाही. त्याच जहाजांबरोबर आलेल्या गोऱ्या मालकांनी आपले गुलामही सोबत आणले होते. म्हणजे एकाच किनाऱ्यावर मोकळा केलेला काळा आणि बांधलेला काळा शेजारी शेजारी. १७८४ साली शेलबर्न गावात गोऱ्या शिपायांनी काळ्यांची घरं पाडली, कारण काय तर काळे कमी मजुरीत काम करतात. जगणं अशक्य झालं तेव्हा १७९२ साली सुमारे बाराशे माणसं जहाजात बसून आफ्रिकेत सिएरा लिओनला निघून गेली. राहिले ते राहिले. १८१२ च्या युद्धानंतर आणखी दोनेक हजार आले. साम्राज्यातली गुलामी कायद्यानं संपली ती १८३४ साली. गुलामी संपली, पण वस्ती वेगळी, चर्च वेगळं, शाळा वेगळी.

पहिल्या महायुद्धात काळे तरुण भरतीला गेले तर त्यांना सांगितलं, ही गोऱ्यांची लढाई आहे. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१६ साली काळ्यांची एक वेगळी पलटण काढली. नंबर दोन बांधकाम पलटण. तिची सुरुवात झाली ती न्यू ग्लासगोच्या जवळच्या पिक्टू बंदरात. त्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि फावडी दिली. झाडं तोडा, रस्ते करा. आपल्याला यात नवल वाटणार नाही. महारांची भरती १८९२ नंतर बंद होती, १९१७ साली गरज लागल्यावर १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर थोड्या वर्षांत मोडून टाकली. साम्राज्य एकच, हिशेब एकच.

आता मुख्य मुद्दा. काळ्यांनी थिएटरात वरच बसायचं असा नोव्हा स्कोशियात कायदा होता का? नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडं असे कायदे उघडउघड होते. कॅनडात थिएटरातल्या जागांबद्दल कायद्याच्या पुस्तकात रंगाचा एक शब्द नाही. थिएटरचा मालक म्हणेल तो नियम. बाहेर पाटीसुद्धा नाही. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. खुद्द हॅलिफॅक्स शहरात काळी माणसं काही थिएटरांत खाली बसत होती, आणि तिथून काही तासांच्या अंतरावर न्यू ग्लासगोत वर.

कोर्टांनीही मालकांचीच बाजू धरली होती. १९१९ साली माँट्रियलच्या एका थिएटरच्या खटल्यात कोर्टानं म्हटलं, कुणाला कुठं बसवायचं हा मालकाचा अधिकार. १९३६ साली फ्रेड क्रिस्टी नावाच्या काळ्या माणसाला माँट्रियलच्या एका बिअरच्या गुत्त्यात बिअर द्यायला नकार दिला. तो कोर्टात गेला. १९३९ च्या डिसेंबरात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की व्यापाराचं स्वातंत्र्य आहे, दुकानदार वाटेल त्या गिऱ्हाइकाला परत पाठवू शकतो. स्वातंत्र्य हा शब्द बघा कुणाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दुकानदाराला स्वातंत्र्य. गिऱ्हाइकाला उंबरा.

या निकालाला दोन वर्षं झाली आणि रोझलँडच्या दारात कॅरी बेस्ट उभ्या राहिल्या. कॅरीबाई न्यू ग्लासगोतच जन्मलेल्या, १९०३ सालच्या. खाली बसल्या म्हणून काही काळ्या शाळकरी मुलींना थिएटरातून हुसकावलं, हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी थिएटरच्या मालकाला जाऊन विचारलं, पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. मग २९ डिसेंबर १९४१ ला त्या आपल्या मुलाला घेऊन थिएटरवर गेल्या. खालच्या दोन तिकिटांचे पैसे ठेवले. आतून बाल्कनीची तिकिटं आली. त्यांनी ती काउंटरवरच ठेवली आणि मायलेक खाली जाऊन बसले. पोलीस आला, हाताला धरून उठवलं. शांतता भंग केल्याचा आरोप ठेवून दंड केला. शांततेचा अर्थ इथं लक्षात घ्या. मुली हुसकावल्या तेव्हा शांतता भंगली नव्हती. बाई खुर्चीवर बसली तेव्हा भंगली.

कॅरीबाईंनी उलट थिएटरवर दावा लावला. दाव्यात त्यांनी रंगाचं नाव घेतलं, हा भेदभाव आहे असं सरळ म्हटलं. १९४२ साली त्या हरल्या. वर थिएटरच्या मालकाचा कोर्टखर्च दीडशे डॉलरच्या वर, तोही त्यांच्याच माथी आला. एखादा माणूस इथं थकून बसला असता. या बाईंनी १९४६ साली 'क्लॅरियन' नावाचं वर्तमानपत्र काढलं. काळ्यांच्या बातम्या गोऱ्यांच्या पत्रात येत नाहीत, तर आपलं पत्र पाहिजे, एवढा साधा हिशेब. पत्र लहान. पैसा नाही. पण त्याच वर्षाच्या शेवटी या पत्राला आपलं काम सापडलं.

८ नोव्हेंबर १९४६. व्हायोला डेस्मंड नावाची बत्तीस वर्षांची बाई हॅलिफॅक्सहून सिडनी गावाकडं आपली मोटार चालवत निघाली होती. तिचा धंदा केस आणि सौंदर्यप्रसाधनांचा. हॅलिफॅक्समधल्या शाळा काळ्या मुलींना हे शिक्षण देत नव्हत्या, म्हणून ती माँट्रियलला जाऊन शिकली, पुढं न्यूयॉर्कलाही. १९३७ साली तिनं हॅलिफॅक्समध्ये स्वतःचं दुकान काढलं. मग काळ्या मुलींसाठी शाळा काढली, स्वतःच्या नावानं पावडरी आणि तेलं विकायला लागली. आपल्याकडं गावचा न्हावी आपल्या माणसाच्या डोक्याला हात लावत नव्हता. तिकडं काळ्या बाईच्या केसांना गोऱ्यांच्या दुकानात जागा नव्हती. व्हायोलाबाईनं त्या नाकारलेल्या केसांवरच धंदा उभा केला आणि दुसऱ्या बायकांना त्यांच्या पायावर उभं केलं.

न्यू ग्लासगोत मोटार बिघडली. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी होईल असं कळलं. वेळ घालवायला ती रोझलँडमध्ये सिनेमाला गेली. खिडकीवर एक डॉलर दिला आणि खालचं तिकीट मागितलं. आतून बाल्कनीचं तिकीट आणि सुटे पैसे आले. तिनं बघितलं नाही. दारावरच्या मुलीनं सांगितलं, हे वरचं तिकीट आहे. व्हायोलाबाईला वाटलं खिडकीवर चूक झाली. परत जाऊन म्हणाली, मला लांबचं दिसत नाही, खालचं तिकीट द्या, वरचे पैसे देते. खिडकीवाल्या मुलीनं सांगितलं, तुमच्या लोकांना खालची तिकिटं विकायची मला परवानगी नाही. तेव्हा बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती आत गेली आणि खाली जाऊन बसली.

मॅनेजर आला. पोलीस आला. एकानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय. ओढत बाहेर काढताना तिच्या गुडघ्याला आणि कमरेला मार लागला, पायातला बूट निघाला, पर्स पडली. रात्रभर गावच्या तुरुंगात ठेवलं. तिथं पुरुष कैदीही होते. बारा तास ही बाई हातमोजे घालून ताठ बसून राहिली. वकील करता येतो, जामीन मागता येतो, हे तिला कुणी सांगितलं नाही.

सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. आणि इथं या खटल्याचं मर्म आहे. काळी बाई खाली बसली, असा गुन्हा तर पुस्तकात नाही. मग तिला पकडायचं कशाखाली? करमणूक कराखाली! खालच्या तिकिटाची किंमत ४० सेंट, त्यात कर ३ सेंट. वरच्या तिकिटाची किंमत ३० सेंट, त्यात कर २ सेंट. बाई वरच्या तिकिटावर खाली बसली, म्हणजे प्रांत सरकारचा एक सेंट कर तिनं बुडवला. एका डॉलरचे शंभर सेंट होतात. त्यातला एक. ज्या बाईनं जास्तीचे पैसे देऊ केले आणि ज्यांनी ते घेतले नाहीत, त्यांनीच तिला पैसे न दिल्याबद्दल कोर्टात उभं केलं. दंड २० डॉलर, खर्चापोटी ६ डॉलर, एकूण २६. ते ६ डॉलर मॅनेजरला मिळाले. एका सेंटसाठी २६०० सेंट. साऱ्या सुनावणीत रंग हा शब्द कुणी उच्चारला नाही. कागद वाचणाऱ्याला वाटेल की न्यू ग्लासगो गावात कुणी एक करबुडवी बाई होती.

दंड भरून ती हॅलिफॅक्सला परतली. डॉक्टरनं जखमा बघितल्या आणि वकील करायला सांगितलं. नवरा म्हणाला, सोडून दे. बाईनं सोडलं नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी १९४५ साली स्थापन झालेली तिथली एक संघटना मागं उभी राहिली, वर्गणी गोळा झाली. चर्चमधल्या पर्लीन ऑलिव्हर या बाईंनी पुढाकार घेतला. आणि कॅरीबाईंच्या 'क्लॅरियन'नं पहिल्या पानावर ही बातमी छापली. मॅजिस्ट्रेटच्या कागदात जे लिहिलं नव्हतं ते 'क्लॅरियन'नं लिहिलं. हा कराचा खटला नाही, रंगाचा आहे.

काळ्यांमध्येही एकमत नव्हतं. गोऱ्यांशी जमवून घ्यावं, उगाच वितुष्ट नको, म्हणणारे होते. असे लोक प्रत्येक चळवळीला भेटतात. चवदार तळ्याच्या वेळी आपल्यालाही भेटले होते.

वकिलानं वरच्या कोर्टात अर्ज केला. पण त्यानंही रंगाचा मुद्दा पुढं धरला नाही. खालच्या कोर्टाला तसा अधिकार नव्हता, पुरावा पुरेसा नव्हता, असे तांत्रिक मुद्दे घेतले. १९४७ साली अर्ज फेटाळला. कारण सांगितलं की मुदतीत रीतसर अपील करायला हवं होतं, ही वाट चुकीची. चार न्यायाधीशांपैकी एकानं, न्यायमूर्ती हॉल यांनी, मनातलं थोडं बोलून दाखवलं. मॅनेजरनं फिर्याद केली ती खरंच कर बुडाला म्हणून, की सरकारी कायदा वापरून गोऱ्याकाळ्याचा नियम मागच्या दारानं चालवायला, असा प्रश्न त्यांनी लिहून ठेवला. प्रश्न लिहिला आणि अर्ज फेटाळणाऱ्यांतच राहिले. वकिलानं आपली फी घेतली नाही. ते पैसे पुढच्या लढ्यासाठी संघटनेकडं राहिले.

मित्रांनो, आता १९४६ हे साल दुसऱ्या बाजूनं बघा. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांची एक संघटना संयुक्त राष्ट्रसंघाकडं दाद मागते आहे, हे बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं. त्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास करणं गरजेचं आहे, असं त्यांनी कळवलं. ३१ जुलै १९४६ ला ड्युबॉइस यांचं उत्तर आलं. पुढं तीन-साडेतीन महिन्यांत रोझलँडची घटना घडली. बाबासाहेबांना ती कळली असेल असं म्हणायचं नाही. पण ज्या रोगाचा ते अभ्यास करत होते, तोच रोग त्या थिएटरात होता.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये राहिले होते. कोलंबिया विद्यापीठाच्या पलीकडंच काळ्यांची हार्लेम वस्ती. रंग आणि जात एकच, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. आपणही म्हणू नये. काळ्याच्या हातचं तिकीट घेतल्यानं गोरा बाटत नव्हता. आपल्याकडं सावलीनं बाटत होते. रंग लांबून दिसतो. जात विचारावी लागते, आडनावावरून, गावावरून, वस्तीवरून काढावी लागते. पण माणसाला खालचा ठरवून वर आपला धंदा निवांत चालवायचा, ही रीत दोन्हीकडं सारखी.

याचं उत्तर बाबासाहेबांनी घटनेत लिहून ठेवलं. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही असं म्हटलं आहे. हे कलम सरकारपुरतं नाही, थिएटरच्या मालकालाही लागू आहे. २६ जानेवारी १९५० पासून ते आपल्याला मिळालं. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानं अशा जागी अडवणं हा गुन्हा ठरवला, १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. नोव्हा स्कोशियात सार्वजनिक जागांत भेदभाव करू नये असा कायदा झाला तो १९५९ साली. म्हणजे ज्याला मागासलेला देश म्हणतात त्या देशाच्या घटनेत हे आधी आलं. ते आपोआप आलं नाही. महाडला २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी पिऊन डोकी फोडून घेतली, तेव्हा कुठं ते १५ व्या कलमात उतरलं.

पण कलम असलं म्हणजे झालं का? रोझलँडचा धडा इथं कामाला येतो. जुलूम करणारा जुलमाचं नाव कागदावर येऊ देत नाही. तिकडं करबुडवेगिरी, शांतता भंग. आपल्याकडं जुना शेतीचा वाद, पाण्याच्या पाळीचा वाद, प्रेमप्रकरण, दोन गटांतली हाणामारी. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आरोपींना खुनासाठी शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठातही तेच राहिलं. खून सिद्ध झाला, जात सिद्ध झाली नाही! मेलेल्यांची जात साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. कागदाला ठाऊक नव्हती. १९८९ च्या त्या कायद्यात गंभीर गुन्ह्याच्या कलमाला अट होती, की गुन्हा जातीच्या कारणावरूनच झाला हे दाखवा. २०१५ च्या दुरुस्तीनं ती सैल झाली. माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा आहे हे ठाऊक असून गुन्हा केला, एवढं पुरे झालं. दोन शब्दांचा फरक. त्या दोन शब्दांसाठी किती घरांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या!

व्हायोलाबाईचं पुढं काय झालं? नवऱ्याशी फारकत झाली. हॅलिफॅक्स सुटलं. दुकान, शाळा, सगळं मागं राहिलं. ती माँट्रियलला गेली, मग न्यूयॉर्कला. ७ फेब्रुवारी १९६५ ला तिथंच वारली. वय पन्नास. मेली तेव्हा सरकारी दप्तरात ती गुन्हेगारच होती. रोझा पार्क्स यांनी अलाबामातल्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला तो १ डिसेंबर १९५५ ला, रोझलँडनंतर नऊ वर्षांनी. त्यांचं नाव जगभर झालं. व्हायोलाचं नाव तिच्या देशातही कुणाला ठाऊक नव्हतं.

ते बाहेर काढलं तिच्या धाकट्या बहिणीनं, वांडा रॉबसन यांनी. सत्तरी ओलांडल्यावर त्या विद्यापीठात शिकायला गेल्या आणि बहिणीची हकीगत सांगत हिंडल्या, सरकारच्या मागं लागल्या. १५ एप्रिल २०१० ला नोव्हा स्कोशियानं व्हायोला डेस्मंडला मरणोत्तर माफी दिली. नुसती दया दाखवणारी माफी नाही. ती मुळात निर्दोष होती, असं मानणारी माफी. सही केली ती त्या प्रांताच्या पहिल्या काळ्या राज्यपाल मेयन फ्रान्सिस यांनी. १९ नोव्हेंबर २०१८ पासून दहा डॉलरच्या नोटेवर व्हायोलाचा चेहरा आला. २०२१ साली प्रांत सरकारनं त्या दंडाची परतफेड म्हणून हजार डॉलरची शिष्यवृत्ती दिली. पलटणीतल्या काळ्या शिपायांची कॅनडा सरकारनं माफी मागितली ती २०२२ साली. तोवर त्यांतला कुणी जिवंत नव्हता.

नोट निघाली, चांगलं झालं. पण आपण पुतळे आणि तैलचित्रं पुष्कळ बघितली आहेत. मेलेल्या माणसाला हार घालणं सोपं असतं, तो पुढची मागणी करत नाही. रंगाचं नाव घेऊन कोर्टात गेलेल्या कॅरी बेस्ट नोटेवर नाहीत. त्या ९८ वर्षं जगल्या, २००१ साली गेल्या. पुढं त्यांनाही सन्मान मिळाले. पण व्हायोलाच्या खटल्यातला खरा शब्द तेव्हाच्या तेव्हा छापून ठेवला तो त्यांनी. कोर्टाच्या कागदावर विसंबून राहिलो असतो तर आज आपल्याला एक सेंटच दिसला असता.

म्हणून दोन कामं सांगावीशी वाटतात. पहिलं, पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून होते तेव्हा आपल्या माणसाबरोबर जा, आणि सहीच्या आधी ती मोठ्यानं वाचून घ्या. जातीवरून काय बोलले, कोणत्या शब्दांत बोलले, ते त्यात आलं नसेल तर सही करू देऊ नका. ठाणेदार म्हणेल, हे लिहायची गरज नाही. तेच लिहायची गरज असते. दुसरं, जे तिथं लिहून घेतलं नाही ते आपण त्याच आठवड्यात लिहा, तारीख घाला, गाव घाला, साक्षीदाराला वाचून दाखवा आणि प्रती काढून वाटा. मोठा छापखाना लागत नाही. 'क्लॅरियन'कडंही नव्हता.